सोसायटीचे हिशेब बाहेर सोपवताना: पर्वरीतील एका व्यवस्थापन सेवेचे परीक्षण

पर्वरीच्या आमच्या को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग मेंटेनन्स सोसायटीत ४८ सदनिका आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक मालक गोव्यात राहत नाहीत. काही मुंबई-पुण्याचे आहेत, काही दिल्लीचे, तर काही आखाती देशांत नोकरीला आहेत. अशा इमारतीची व्यवस्थापन समिती चालवणे म्हणजे आपापली नोकरी आणि घर सांभाळून पाच-सहा माणसांनी फुकट करायचे काम. हे काम आता केवळ पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे बघण्यापुरते राहिलेले नाही. गोवा सहकारी संस्था कायदा, २००१ आणि त्याखालील २००३ चे नियम, वार्षिक लेखापरीक्षण, सर्वसाधारण सभा, समितीची निवडणूक, प्राप्तिकराचे विवरणपत्र, कंत्राटदाराच्या बिलातून कापून भरायचा कर म्हणजे टीडीएस, जीएसटी, ओल्या कचऱ्याची विल्हेवाट, लिफ्टची तपासणी हे सारे त्याच पाच-सहा जणांच्या माथ्यावर येते. म्हणून आमच्या समितीने हिशेब आणि कायदेशीर कागदपत्रे यांसाठी एका व्यावसायिक सेवेशी करार केला. खजिनदार म्हणून त्या सेवेशी माझा रोजचा संबंध आला आणि त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

सेवेचे नाव देत नाही. मुख्यालय महाराष्ट्रात आणि पणजीत एक लहान कार्यालय, अशा धर्तीवर चालणाऱ्या संस्था आता म्हापसा, मडगाव, फोंडा येथील सोसायट्यांकडेही प्रस्ताव घेऊन येत आहेत. तेव्हा एका नावापेक्षा अशा सेवेकडून काय मिळते आणि काय मिळत नाही हे कळणे अधिक उपयोगाचे आहे. आमचा दर सदनिकेमागे दरमहा १२० रुपये, म्हणजे वर्षाला ६९,१२० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा ठरला. या पैशांत मेंटेनन्सची बिले, पावत्या, बँक जुळवणी, ताळेबंद, लेखापरीक्षकासाठीची तयारी, कराची विवरणपत्रे, थकबाकीदारांना नोटिसा, सदनिका हस्तांतराची कागदपत्रे आणि सभासदांसाठी मोबाईलवरील अॅप एवढे अंतर्भूत होते.

हिशेबाच्या कामाबद्दल माझे मत निःसंशय चांगले आहे. पूर्वी आमच्या बँक खात्यात दरमहा अशा काही रकमा येत की त्या कोणाच्या हेच समजत नसे. दुबईहून एखादा सभासद पैसे पाठवी, पण बँकेच्या नोंदीत त्याच्या भावाचे किंवा कंपनीचे नाव असे, सदनिकेचा क्रमांक कोठेच नसे. अशा रकमा वर्षानुवर्षे ‘सस्पेन्स’ खात्यात पडून राहत. ज्याने पैसे भरले त्याच्याच नावावर थकबाकी दिसे आणि सर्वसाधारण सभेत त्यावरून भांडणे होत. या सेवेने पहिल्याच महिन्यात प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र आभासी खाते क्रमांक मिळवून दिला. त्या क्रमांकावर कोणीही, कोठूनही पैसे भरले तरी ते आपोआप त्या सदनिकेच्या नावावर जमा होतात. जुन्या सस्पेन्स खात्यातील नोंदीही त्यांच्या पणजी कार्यालयातील मुलीने बँकेची जुनी स्टेटमेंट आणि सभासदांचे ई-मेल समोर ठेवून एकेक करून सोडवल्या. त्यासाठी तिने दाखवलेली चिकाटी मी मुद्दाम नमूद करतो. दरमहा पाच तारखेपर्यंत जमा-खर्च आणि बँक जुळवणी समितीसमोर येते, आणि लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांची यादी पूर्वीपेक्षा पुष्कळ आखूड झाली आहे.

सेवेचा खरा कस लागला तो गच्ची आणि खांबांच्या दुरुस्तीच्या वेळी. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मांडवीच्या आसपासची हवा खारी आहे. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या इमारतींचे लोखंड आतून गंजते, प्लास्टर फुगते आणि वरच्या मजल्याच्या छताला ओल येते. आमच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक सदनिकेकडून ३५,००० रुपये, म्हणजे एकूण १६ लाख ८० हजार रुपये उभे करायचे होते. ही रक्कम सर्वांनी एकरकमी भरावी असा समितीचा पहिला विचार होता. त्यावर या सेवेच्या कर सल्लागाराने जे लक्षात आणून दिले, ते प्रत्येक सोसायटीच्या खजिनदाराला माहीत असायला हवे.

सदनिकेमागे दरमहा ७,५०० रुपयांपर्यंतच्या वर्गणीवर जीएसटी लागत नाही. ही मर्यादा पूर्वी ५,००० रुपये होती आणि २५ जानेवारी २०१८ पासून ती वाढवण्यात आली. वर्गणी या मर्यादेपलीकडे गेली आणि संस्थेची वार्षिक उलाढालही २० लाख रुपयांहून अधिक असली, म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, की १८ टक्के कर लागू होतो. आमचे मेंटेनन्स दरमहा ३,५०० रुपये आहे आणि त्याचीच वर्षाची बेरीज २०,१६,००० रुपये होते, म्हणजे उलाढालीची अट आम्ही आधीच ओलांडलेली होती. एकरकमी ३५,००० घेतले असते तर त्या महिन्याची वर्गणी सदनिकेमागे ३८,५०० रुपये झाली असती. येथे मतभेद आहे. कर खात्याच्या २२ जुलै २०१९ च्या परिपत्रकानुसार अशा वेळी पूर्ण रकमेवर कर द्यावा लागतो, तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ७,५०० च्या वरच्या रकमेवरच कर लागतो असा निकाल दिला. पहिल्या हिशेबाने सदनिकेमागे ६,९३० रुपये आणि दुसऱ्याने ५,५८० रुपये भरावे लागले असते, शिवाय नोंदणी आणि दरमहाची विवरणपत्रे मागे लागली असती ती वेगळीच. सल्लागाराने सुचवले की दुरुस्ती निधी दरमहा ३,५०० रुपये असा दहा महिने घेण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत करावा. त्यामुळे महिन्याची एकूण वर्गणी ७,००० रुपये राहिली. ऑगस्ट ते मे असा निधी जमा झाला, दिवाळीनंतर खांबांचे काम सुरू झाले आणि गच्ची मार्च महिन्यात हाती घेतली. केवळ या एका सल्ल्याने सेवेच्या काही वर्षांच्या शुल्काइतके पैसे वाचले, असे मी सर्वसाधारण सभेतही सांगितले आहे.

त्याच कामात कंत्राटदार भागीदारी संस्था असल्याने बिलातून २ टक्के टीडीएस कापायचा होता. व्यक्तिगत कंत्राटदार असता तर तो १ टक्का झाला असता. हा कर पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरला नाही तर दरमहा दीड टक्का व्याज आणि तिमाही विवरणपत्राला उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये लागतात. यात एकदाही चूक झाली नाही. अनेक लहान सोसायट्यांकडे यासाठी लागणारा टॅन क्रमांकच नसतो आणि कंत्राटदाराला पूर्ण पैसे देऊन मोकळ्या झालेल्या समितीला नोटीस आल्यावरच जाग येते.

ठेवींच्या बाबतीत मात्र मी या सेवेशी सहमत होऊ शकलो नाही. आमचा राखीव निधी १८ लाख रुपयांचा होता आणि तो एकाच सहकारी बँकेत ठेवावा असे त्यांनी लेखी सुचवले. कारण त्यांच्या दृष्टीने रास्त होते. सहकारी संस्थेला दुसऱ्या सहकारी संस्थेकडून मिळणाऱ्या व्याजावर प्राप्तिकर कायद्याखाली वजावट मिळते, पण राष्ट्रीयीकृत बँकेच्या व्याजाला ती मिळत नाही. सहकारी बँकेच्या व्याजाबाबतही कर खाते अधूनमधून वाद घालते, तरी वेळेत विवरणपत्र भरलेल्या संस्थांना न्यायाधिकरणांकडून ती वजावट बहुधा मिळत आली आहे. कराचे गणित येथवर बरोबर आहे. पण गोव्यात राहणाऱ्या माणसाला दुसरे गणितही ठाऊक असते. म्हापसा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२० मध्ये रद्द केला आणि मडगाव अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा जुलै २०२१ मध्ये. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख रुपये झाली खरी, पण ती एका बँकेतील एका ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून एकूण रकमेला आहे. ४८ कुटुंबांचे पैसे असले तरी विम्याच्या नजरेत सोसायटी हा एकच ठेवीदार. म्हणजे १८ लाखांतले १३ लाख आणि वरचे सारे व्याज उघड्यावर.

आम्ही सहकार कायदा आणि पोटनियमांच्या मर्यादेत राहून ठेवी साडेचार-साडेचार लाखांप्रमाणे चार बँकांत विभागल्या, दोन सहकारी आणि दोन राष्ट्रीयीकृत. राष्ट्रीयीकृत बँकांतील नऊ लाखांवर साडेसहा टक्के व्याज धरले तर कर वर्षाला सुमारे १५ हजार रुपये येतो. निर्धास्तपणासाठी एवढी किंमत मला योग्य वाटते. सदनिकेमागे ती महिन्याला तीस रुपयांनाही पोहोचत नाही. सेवेच्या मासिक अहवालात कोणत्या बँकेत किती ठेव आणि त्यातील किती विम्याच्या आत, हा तक्ता मुळातच असायला हवा होता. आम्ही मागितल्यावर तो सुरू झाला.

आता कायदेशीर कागदपत्रांकडे वळतो. परीक्षणाचा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे सेवेने आम्हाला खरोखर अडचणीत आणले. थकबाकीदारांना पाठवण्यासाठी त्यांच्याकडे तयार नोटिसा होत्या. त्यातली एक दिल्लीच्या एका सभासदाला गेली. त्याची थकबाकी मोठी होती आणि वसुलीचा आमचा हक्क निर्विवाद होता. पण नोटिशीत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या थकबाकी वसुलीविषयीच्या कलम १०१ चा हवाला होता आणि व्याज २१ टक्क्यांनी लावलेले होते. त्याच्या वकिलाचे उत्तर आठवड्याच्या आत आले. संस्था गोव्यात नोंदलेली, तिला लागू कायदा गोव्याचा, आणि तिच्या नोंदणीकृत पोटनियमांत व्याजाचा दर १२ टक्के, तेव्हा नोटीस मागे घ्यावी, एवढेच त्यात म्हटले होते आणि त्याला उत्तर देण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते. नोटीस मागे घेतली, व्याजाचा हिशेब नव्याने केला, आणि वसुली काही महिने पुढे गेली.

हा गोंधळ कसा होतो हे समजून घेण्यासारखे आहे. २००१ चा कायदा येईपर्यंत गोव्यात महाराष्ट्राचा १९६० चा कायदाच लागू केलेल्या स्वरूपात चालत होता आणि जुन्या सोसायट्यांच्या पोटनियमांत त्याचा उल्लेख अजून सापडतो. त्यामुळे महाराष्ट्रातला मजकूर येथे चालेल असे वाटणे सोपे आहे. पण २१ टक्के व्याज महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींतले, म्हणजे तेथील नमुना पोटनियमांतले आहे. हस्तांतर शुल्काला २५,००० रुपयांची मर्यादा आणि घर भाड्याने दिल्यास सेवा शुल्काच्या १० टक्के बिगर-भोगवटा शुल्क हेही महाराष्ट्र शासनाच्या २००१ च्या आदेशांमुळे आलेले आहे. अॅपमध्ये हे १० टक्के आधीपासूनच भरलेले होते आणि आमच्या सभेने असा कोणताही ठराव केलेला नसताना भाडेकरू असलेल्या सदनिकांच्या बिलांत ते लागू लागले. पुढे असेही दिसले की महाराष्ट्रातही २०१९ पासून गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण आले आहे, म्हणजे तो जुना मजकूर त्याच्या मूळ गावीही शिळा झाला होता.

जमिनीच्या हक्काबाबत त्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत ‘मानीव अभिहस्तांतरण’, म्हणजे बिल्डरने दस्त करून दिला नाही तरी जमीन सोसायटीच्या नावे, करून घ्यावे असे लिहिले आहे. ती सोय महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा या सदनिका मालकीविषयक कायद्यातली आहे आणि तो कायदा गोव्यात लागू नाही. आपल्याकडे बहुतेक सदनिकांचे सेल डीड जमिनीतील अविभाज्य हिश्श्यासह त्या-त्या मालकाच्या नावे होते आणि सोसायटी देखभालीपुरती असते. म्हणून तर तिच्या नावात ‘मेंटेनन्स’ शब्द येतो. रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची नोंदणी असलेल्या नव्या प्रकल्पांना २०१६ च्या केंद्रीय कायद्याचे कलम १७ लागू पडते. ही पुस्तिका वाचून एखाद्या समितीने बिल्डरविरुद्ध चुकीच्या मार्गाने वर्षे घालवली तर ती भरपाई कोण देणार?

सर्वांत नाजूक प्रसंग वारसाहक्काचा. आमच्या इमारतीतील एक गोमंतकीय गृहस्थ वारले. शेअर सर्टिफिकेट त्यांच्या एकट्याच्या नावाने होते आणि बऱ्याच वर्षांपूर्वी भरलेल्या नामनिर्देशनात त्यांच्या पुतण्याचे नाव होते. सेवेच्या तपासणी यादीप्रमाणे मृत्यूचा दाखला, नामनिर्देशन पत्र आणि हमीपत्र एवढे आले की हस्तांतर करून टाकायचे होते, आणि तसा मसुदा सहीसाठी समितीकडे आलाही. त्याच संध्याकाळी त्यांच्या पत्नी कार्यालयात आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत विवाह नोंदणीचा जुना कागद होता. तो टेबलावर सरळ करत त्या एवढेच म्हणाल्या, “बाबा, अर्धे घर तर माझेच आहे ना?” होय, त्यांचेच होते. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. एकाच्या मृत्यूनंतर अर्धा हिस्सा हयात जोडीदाराचा राहतो आणि वारसा उघडतो तो उरलेल्या अर्ध्याचा. वारस कोण हे डीड ऑफ सक्सेशन (नोटरीसमोर होणारा वारसांचा दस्त) किंवा इन्व्हेंटरी प्रक्रियेतून (न्यायालयामार्फत होणारी मालमत्तेची मोजदाद आणि वाटणी) ठरते आणि त्यासाठी २०१२ चा गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी प्रक्रिया कायदा आहे. नामनिर्देशनाने संस्थेपुरती व्यवहाराची सोय होते, मालकी ठरत नाही.

समितीने मसुद्यावर सही केली नाही. काकींना म्हापशाच्या एका वकिलांकडे पाठवले आणि तेथून दस्त होऊन आल्यावरच हस्तांतर झाले. हा विषय आणखी गुंतागुंतीचा होतो तो आमच्यासारख्या मिश्र वस्तीत. शेजारच्या सदनिकेचा मालक दिल्लीचा हिंदू असेल तर त्याच्या वारसांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होईल. एकाच जिन्यावर समोरासमोरच्या दारांना दोन वेगळे कायदे, आणि चुकीच्या नावाने दाखला दिला तर दाव्यात प्रतिवादी म्हणून ओढली जाणारी सोसायटी. मुंबईत बनवलेल्या तपासणी यादीला हे ठाऊक नसणे समजू शकते. पण गोव्यात शुल्क घेऊन काम करणाऱ्या संस्थेने ही यादी येथील एखाद्या वकिलाकडून तपासून घेतलेली नसावी, हे मला क्षम्य वाटत नाही.

अॅप ठीक आहे. बिल, पावती, तक्रार यांसाठी वयस्क सभासदही ते वापरू लागले आहेत, आणि पर्यटकांना अल्पमुदतीने दिल्या जाणाऱ्या सदनिकांत कोण येते-जाते याची फाटकावरची नोंद त्यामुळे नेटकी राहते. अशा सदनिकांना १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. त्या नोंदणीची प्रत मागण्याची सोय अॅपमध्ये आमच्या सूचनेवरून आली. आक्षेप एकच, की सुरुवातीला भाडेकरूंची आधार कार्डे आणि थकबाकीदारांची यादी सर्व सभासदांना दिसत होती. आम्ही ते बंद करून घेतले. आता थकबाकीचा तपशील फक्त समितीला आणि ज्याचा त्याला दिसतो.

पुढच्या वर्षासाठी आम्ही हिशेब, कर आणि अॅप एवढ्यापुरता करार कायम ठेवला, आणि तो इतर सोसायट्यांनीही करावा असे मी सांगेन. तीसपेक्षा कमी सदनिका असलेल्या इमारतींना मात्र हा खर्च जड जाईल. त्यांनी परिसरातील एखाद्या अनुभवी हिशेबनीसाकडून हे काम करून घेतलेले बरे. नोटिसा आणि हस्तांतर यांचे काम काढून घेऊन ते पणजीच्या एका वकिलांकडे दिले आहे. त्यांचे शुल्क कामागणिक असते आणि वर्षाअखेर ते फारसे होत नाही. सेवेने त्यापोटी सदनिकेमागचा दर १२० वरून ९५ रुपयांवर आणला.

करारात तीन कलमे नव्याने घातली. कोणतेही पत्र संस्थेच्या नावाने जाण्यापूर्वी सेक्रेटरीची लेखी मंजुरी लागेल. बिलातील प्रत्येक आकारासमोर तो ज्या पोटनियमाने किंवा ठरावाने लावला त्याचा क्रमांक छापला जाईल. आणि करार संपल्यास संपूर्ण हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या स्वरूपात, सभासदांच्या कागदपत्रांसह, पंधरा दिवसांत परत मिळेल आणि त्यांच्याकडील प्रती नष्ट केल्याचे पत्रही मिळेल. तिसऱ्या कलमाला त्यांनी बराच विरोध केला. ते नसते तर आम्ही करार पुढे चालवला नसता.